पटावरचे नाव

दिवाळीची सुट्टी संपली, की कृष्णाकाठच्या गावांचे रूप पालटते. उसाच्या मळ्यांवर पांढरे तुरे डोलू लागतात, साखर कारखान्यांची धुराडी धूर सोडू लागतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पाहता पाहता एक नवी वस्ती उभी राहते. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून ऊस तोडण्यासाठी आलेल्या कुटुंबांची ती वस्ती होय. नवरा-बायकोच्या जोडीला येथे 'एक कोयता' असे म्हणतात. पहाटेच्या काळोखात ही माणसे फडात उतरतात. ऊस तोडायचा, तो सोलायचा, त्याच्या मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, असा त्यांचा दिवस जातो. असे चार-पाच महिने चालते. आईबापांबरोबर मुलेही येतात. कारण गावी त्यांच्याकडे पाहणारे कोणी असतेच असे नाही.

सातारा जिल्ह्यातील अशाच एका गावच्या शाळेत एके वर्षी एक तरुणी सराव पाठ घेण्यासाठी आली होती. ती अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. वर्षभराने ती स्वतः शिक्षिका होणार होती. पण त्या दिवसांत ती अर्धी विद्यार्थिनी आणि अर्धी शिक्षिका होती. सहावीच्या वर्गातील मुलांनी पहिल्या दिवशी तिला "बाई" अशी हाक मारली, तेव्हा ही हाक कोणाला, हे पाहण्यासाठी तिने मागे वळून पाहिले होते!

वर्ग लहान असला तरी त्यात नाना परींची मुले होती. कोणी बागाईतदाराचा मुलगा, कोणी सुताराची मुलगी, तर कोणाचे वडील मेंढरे घेऊन वर्षातील कित्येक महिने दूरदेशी हिंडणारे. दोघी बहिणी घरी उर्दू बोलत आणि शाळेत मराठी. दुसऱ्या रांगेतील एका मुलीची दृष्टी अतिशय अधू होती. तिला फळ्यावरचे दिसत नाही, हे ध्यानात येताच या नव्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवले. फळ्यावर लिहिताना त्या प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारू लागल्या आणि रोज संध्याकाळी तिच्यासाठी धडा ठळक अक्षरांत लिहून देऊ लागल्या. त्यात आपण काही विशेष करीत आहोत असे त्यांना वाटले नाही. मुलीला दिसत नाही, तर तिला दिसेल असे लिहावे, एवढी ती साधी गोष्ट होती.

सराव पाठाच्या दोन दिवस आधी वर्गात एक नवा मुलगा दाखल झाला. तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला होता. त्याच्याजवळ आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. तरीही मुख्याध्यापक गुरुजींनी त्याचे वय विचारून त्याला सहावीत बसवले आणि त्याचे नाव पटावर लिहिले. ते पाहून त्या भावी शिक्षिकेला आनंद झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. कागदपत्र नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेच्या दारातून परत पाठवता येत नाही, असे तो कायदा सांगतो. परीक्षेसाठी तिने ही कलमे तोंडपाठ केली होती. आज त्यांपैकी एक कलम तिच्या डोळ्यांदेखत खरे झाले होते. मुलगा शाळेत आला, त्याचे नाव पटावर चढले. आता आणखी काय हवे, असे तिला वाटले.

तिच्या सराव पाठाचा विषय होता 'आपले घर'. या पाठासाठी तिने दोन रात्री जागून एक तक्ता रंगवला होता. तक्त्यावर कौलारू घर होते, त्याला पाया होता, भिंती होत्या, उंबरठा होता, अंगणात तुळशीवृंदावन होते. पाठटाचणाच्या वहीत प्रत्येक मिनिटाचा हिशेब लिहिलेला होता. वर्गाच्या मागच्या बाजूस मुख्याध्यापक गुरुजी आणि तिच्याबरोबरच्या छात्राध्यापिका निरीक्षणाच्या वह्या उघडून बसल्या होत्या.

पाठ रंगत गेला. मुले आपापल्या घराविषयी सांगू लागली. कोणाच्या घराला माडी होती, कोणाच्या परसात पेरू होता. तेवढ्यात त्या नव्या मुलाने हात वर केला. तो उभा राहिला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "बाई, आमचं घर एका सकाळीत उभं राहतं. ते पाचटाचं हाय."

वर्गात हशा पिकला. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. उसाच्या गावातील मुलांना तो शब्द अनोळखी नव्हता. पण त्यांच्या लेखी पाचट ही फडात पेटवून द्यायची वस्तू होती. त्याचे कोणी घर बांधते, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. बाई गडबडल्या. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मागे गुरुजी काहीतरी लिहीत होते. त्यांनी घाईघाईने म्हटले, "ती खोप झाली. ते काही खरे घर नव्हे. तू गावाकडच्या घराविषयी सांग हं." आणि उत्तराची वाट न पाहता त्या पुढच्या मुलीकडे वळल्या.

मुलगा खाली बसला. त्यानंतर त्याने हात वर केला नाही. पाया, भिंत, उंबरठा, अंगण हे फळ्यावरचे शब्द त्याने आपल्या वहीत नीट उतरवून घेतले.

तास संपल्यावर गुरुजींनी तिला जवळ बोलावले. ते म्हणाले, "आवाज स्पष्ट आहे. फळ्यावरचे अक्षर सुरेख आहे. वेळेचे भान उत्तम आहे." तिचा चेहरा खुलला. मग वही मिटता मिटता ते सहज म्हणाले, "एकच विचारतो, मुली. वर्गात एकतीस मुले होती. पाठ तीसच मुलांना का शिकवलास?"

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्या मुलाचे नाव आले. "हजर" असा आवाज आला नाही. तिने पुन्हा नाव पुकारले. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "बाई, तो कशाला येतोय! पाचटाच्या घरातच बरा तो." पुन्हा हशा झाला.

त्या हशाने तिच्या काळजाला चटका बसला. मुले काल हसली ती अजाणतेपणाने हसली होती. आज ती हसत होती ती बाईंच्या शब्दावर विसंबून. ते खरे घर नव्हे, हे तिनेच सांगितले होते. मुलांचे हसू क्षणात विरून गेले असते; पण शिक्षिकेच्या एका वाक्याने त्या हसण्यावर जणू शिक्कामोर्तब केले होते. रागावून बोललेला शब्द तेवढा लागतो आणि सौम्यपणे बोललेला लागत नाही, असा तिचा आजवर समज होता. तो किती चुकीचा होता, हे तिला आता कळले.

त्या रात्री वसतिगृहातील खोलीत तिला झोप येईना. तिला साताऱ्याचीच एक जुनी हकीकत आठवली. 1900 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बालवयात साताऱ्याच्या शाळेत शिकत होते. त्यांचे नाव पटावर होते. परंतु अस्पृश्य मानलेल्या कुळात जन्मले म्हणून त्यांना वर्गात इतर मुलांपासून वेगळे, कोपऱ्यात, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावीत नसे. ते रोज घरून आणायचे आणि रोज घरी न्यायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

ही हकीकत वाचताना त्या तरुणीला त्या शाळेतील मोठ्या माणसांचा नेहमी संताप येत असे. आपल्या हातून असे कधी घडणार नाही, अशी तिची खात्री होती. जन्मावरून माणसाला दूर बसवण्याचा तो घोर अन्याय आणि आपली चूक यांची तुलना होऊ शकत नाही, हे तिला समजत होते. आपण त्या मुलाला कोपऱ्यात बसवले नव्हते. तो वर्गाच्या मधोमध बाकावर बसला होता. तरीही एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. नाव पटावर असूनही मूल वर्गाबाहेर राहू शकते. कधी त्याला गोणपाटावर बसवून बाहेर ठेवले जाते, तर कधी त्याच्या घराला घर न म्हणता.

मग तिला पुण्याची आठवण झाली. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्या वेळी सावित्रीबाई विशीच्याही आतल्या होत्या. म्हणजे वयाने तिच्यासारख्याच. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकीत, असे सांगतात. पण त्या तरुणीला त्या रात्री आठवली ती फुले दांपत्याच्या शाळेतील एक विद्यार्थिनी. तिचे नाव मुक्ता साळवे. या मुलीने आपल्या पददलित समाजाच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 1855 साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. शाळेने तिला अक्षरे दिली, हे तर खरेच. परंतु केवळ अक्षरे दिली असती तर तिने कदाचित पुस्तकातलीच वाक्ये लिहिली असती. आपल्या लोकांचे जिणे हा लिहिण्याजोगा विषय आहे, हा विश्वासही त्या शाळेने तिला दिला असला पाहिजे. म्हणूनच ती आपल्या घरादाराविषयी निर्भयपणे लिहू शकली.

आणि आपल्या वर्गात काय झाले? एक मुलगा आपल्या घराविषयी सांगण्यासाठी आपणहून उभा राहिला, आणि आपण त्याला खाली बसवले!

रविवारी सकाळी ती आपल्या एका मैत्रिणीला बरोबर घेऊन ऊसतोड कामगारांच्या वस्तीकडे गेली. वस्तीतील घरांना 'कोपी' म्हणतात, हे तिला तेथे समजले. त्याच दिवशी एक नवे कुटुंब तेथे उतरले होते आणि त्याची कोपी उभारण्याचे काम चालले होते. तो मुलगा मोठ्या माणसांच्या बरोबरीने राबत होता. जमिनीत बांबू रोवले गेले, त्यांची वरची टोके वाकवून बांधली गेली, त्यांवर चटया आणि ताडपत्री पसरली गेली आणि वर पाचटाचा थर आला. दार कोणत्या बाजूस ठेवायचे, याविषयी दोघांचे एकमत होईना. तेव्हा तो मुलगा मूठभर माती हातात घेऊन उभा राहिला. ती त्याने हळूहळू खाली सोडली आणि धूळ कोणत्या दिशेला उडते ते पाहिले. "वारं इकडून येतंय. दार तिकडं ठेवा," तो म्हणाला.

ती थक्क होऊन पाहत राहिली. तिच्या रंगीत तक्त्यावर पाया होता, भिंत होती, उंबरठा होता. पण वारा कोठेच नव्हता. घर बांधताना वाऱ्याचा विचार करावा लागतो, हे तिने मुलांना सांगितलेच नव्हते, कारण ते तिच्या ध्यानातच आले नव्हते.

दुपारी मुलाची आई फडातून आली. तिच्या डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा होता. तिने भारा खाली टाकला, पदराने घाम पुसला आणि पाहुण्यांना बसायला गोणपाट अंथरले. ते गोणपाट पाहून त्या तरुणीला क्षणभर कसेसेच झाले. ती त्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचा मुलगा शाळेत का येत नाही?"

ती माउली जरा संकोचली. मग म्हणाली, "बाई, धाकटी पोर आजारी होती, तिला सांभाळायला ठेवला व्हता एक दिस. पण आता म्हणतो, जातच नाही. लेकरू मला इचारतंय, आये, आपलं घर हे घर नाही का? म्या काय सांगावं?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या भावी शिक्षिकेजवळ होते; पण ते येथे, कोपीच्या दारात, देऊन भागणार नव्हते. ज्या ठिकाणी चूक झाली होती त्याच ठिकाणी ती दुरुस्त व्हायला हवी होती. "उद्या त्याला पाठवा," एवढेच ती म्हणाली.

सोमवारी तो आला आणि मान खाली घालून आपल्या जागी बसला. बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात धाकधूक होती. मुलांसमोर चूक कबूल केली तर आपला मान राहील काय, सराव पाठांचे गुण कमी होतील काय, असे नाना विचार त्यांच्या मनात येत होते. तरी त्या बोलल्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी एक गोष्ट चुकीची सांगितली. जेथे माणसे एकमेकांची काळजी घेत राहतात, ते घरच असते. मग ते विटांचे असो की पाचटाचे. मी तुमच्या मित्राचे बोलणे अर्धवट तोडले. आज ते आपण पूर्ण ऐकू या."

वर्ग शांत झाला. मुलगा प्रथम अडखळला. मग त्याने हातात खडू घेतला आणि फळ्यावर कोपी काढली. बांबू किती खोल रोवायचे, गाठ कशी मारायची, पाऊस आला तर काय करायचे, चूल दाराबाहेर का मांडायची, हे सारे त्याने सांगितले. वाऱ्याची परीक्षा सांगताना त्याने खडूची भुकटीच हवेत उडवून दाखवली. या वेळीही मुले हसली. पण या हसण्यात कौतुक होते. सुताराची मुलगी उठली आणि म्हणाली, "माझे बाबा म्हणतात, बांबू वाकवणे फार अवघड असते. तुला कोणी शिकवले?"

त्या दिवशी फळ्यावर जुन्या शब्दांशेजारी नवे शब्द आले: कोपी, पाचट, वाढे, मोळी, फड. बाईंनी मग गणिताचा एक प्रश्न घातला. एका मोळीत बारा ऊस बांधले, तर पंधरा मोळ्यांत किती ऊस होतील? इतर मुले वहीत गुणाकार मांडीत होती, तोच त्या मुलाने उत्तर दिले, "एकशे ऐंशी." बागाईतदाराचा मुलगा बराच वेळ विचारात पडलेला दिसत होता. सुट्टीत तो बाईंजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आमच्या घराची माडी उसाच्या पैशांतूनच बांधली. ऊस यांच्यासारख्यांनीच तोडला असेल ना?" बाईंनी मान हलवली. हा विचार त्यांच्या पाठटाचणात नव्हता. तो त्या मुलाला आपणहून सुचला होता.

परंतु सगळ्या अडचणी एका दिवसात मिटल्या असे मात्र झाले नाही. त्या मुलाला घरचे पाणी भरून आणि धाकट्या बहिणीला तयार करून यावे लागे. त्यामुळे तो रोज उशिरा पोहोचे. बाई त्याला काही बोलत नसत. एक दिवस वर्गातील एका मुलीने तक्रार केली, "बाई, आम्हांला उशीर झाला की तुम्ही रागावता. त्याला रागावत नाही. हा अन्याय नाही का?"

प्रश्न खरा होता. तिला रागावून गप्प बसवणे सोपे होते. पण बाईंनी तो प्रश्न मनात ठेवला. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराची पंगत बसली. तेव्हा त्या मुलीजवळ बसून त्यांनी विचारले, "येथे सर्वांना सारखी खिचडी वाढली आहे का?" मुलीने पाहिले. पहिलीतल्या मुलांच्या ताटात थोडी होती, सातवीतल्या मुलांच्या ताटात अधिक. एका मुलाला बरे नव्हते, त्याच्या ताटात नुसता मऊ भात होता. "नाही," ती म्हणाली. "मग हा अन्याय आहे का?" मुलगी विचारात पडली आणि म्हणाली, "नाही. पंगत एकच आहे. ज्याची जेवढी भूक तेवढे वाढले आहे."

"शाळाही अशीच असावी," बाई म्हणाल्या. "पंगत एक, पण वाढणे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे."

या पंगतीवरून पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांची गोष्ट निघाली. त्यांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्या काळात वेगवेगळ्या जातींची माणसे एका पंगतीत बसत नसत, त्या काळात या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. वसतिगृहाचा खर्च भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलांनी एकमेकांच्या ताटांकडे पाहिले. आपण रोज सहजपणे जी पंगत मांडतो, तिच्यासाठी कोणाला केवढे झिजावे लागले होते, याची जाणीव त्यांना प्रथमच झाली.

गुरुजी हे सारे दुरून पाहत होते. एक दिवस त्यांनी तिला सावध केले. ते म्हणाले, "त्याला सवलत अवश्य दे. पण त्याच्याकडून अपेक्षा कमी करू नकोस. 'हा बिचारा, याला एवढे आले तरी पुष्कळ,' असे मनात आणशील, तर तोही त्याला वर्गाबाहेर ठेवण्याचाच प्रकार होईल." हे शब्द तिने मनावर घेतले. उशीर झाला तरी चुकलेला भाग तो मुलगा मधल्या सुट्टीत पूर्ण करू लागला. त्याचे जोडाक्षरांचे लेखन कच्चे होते. ते ती रोज तपासू लागली आणि चुकलेला शब्द पुन्हा लिहून घेऊ लागली. अधू दृष्टीच्या मुलीलाही आता ती सगळा धडा लिहून देत नसे. अर्धा धडा ती देई आणि उरलेला शेजारची मैत्रीण वाचून दाखवी, आणि तो त्या मुलीने स्वतः मोठ्या अक्षरांत लिहायचा, असा नेम ठरला.

वस्तीतील काही मुले तरीही शाळेत येत नव्हती. कोणी फार लहान होते, कोणाकडे तान्ही भावंडे सांभाळण्याचे काम होते. त्यांचे काय करावे, हे तिला कळेना. तेव्हा अध्यापक विद्यालयात वाचलेली एक हकीकत तिच्या उपयोगी पडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे चारायला जातात, हे त्यांनी पाहिले. मुलांना दोष देत न बसता त्या शाळाच गुरांच्या मागे कुरणात घेऊन गेल्या. तिचे नाव 'कुरणशाळा' असे पडले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा हा विचार होता. त्या तरुणीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी संध्याकाळी तासभर वस्तीवर जाण्यास प्रारंभ केला. उसाच्या कांड्यांनी त्या मुलांना मोजायला शिकवीत आणि राखेवर काडीने अक्षरे काढायला लावीत. तो सहावीतला मुलगा तेथे त्यांचा मदतनीस झाला. शिकवताना तो अगदी बाईंच्या लकबीने म्हणे, "हं, आता तू सांग!"

फेब्रुवारीच्या अखेरीस गावातील ऊस संपत आला. टोळीने पुढच्या गावी निघावे, असे मुकादमाने सांगितले. एका सकाळी तो मुलगा दप्तर न घेताच शाळेत आला. तो निरोप घ्यायला आला होता. वर्गातील मुले त्याच्याभोवती गोळा झाली. सुताराच्या मुलीने त्याला पट्टी आणि पेन्सिल दिली. गुरुजींनी त्याचे शिक्षण हमी पत्रक तयार करायला घेतले. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण पुढच्या शाळेत खंड न पडता चालावे, म्हणून हे पत्रक देतात. गुरुजींनी ते त्या भावी शिक्षिकेच्या हाती दिले आणि म्हणाले, "सोबत चार ओळी तू लिही."

तिने विचार करून लिहिले: 'या विद्यार्थ्याचे गणित चांगले आहे. जोडाक्षरांचा सराव घ्यावा. त्याला सकाळी थोडा उशीर होतो, त्याचे कारण विचारावे. घर कसे बांधतात, हे तो उत्तम सांगतो. त्याला सांगू द्यावे.'

दुपारी वस्तीच्या जागी केवळ विझलेल्या चुली आणि पाचटाचे ढीग उरले. पुढच्या गावची शाळा त्या मुलाला कशी मिळेल, तेथील बाई त्या चार ओळी वाचतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. ती चिंता तिच्या मनात राहिलीच. मात्र सहावीच्या भिंतीवर, कौलारू घराच्या तक्त्याशेजारी, त्या मुलाने कागदावर काढलेली कोपी लावलेली होती. तिच्या दाराच्या उलट बाजूस त्याने बाणांनी वारा दाखवला होता.

थोड्याच दिवसांत तिचे सराव पाठही संपले. अध्यापक विद्यालयात परत जाण्यापूर्वी तिने आपली पाठटाचणाची वही उघडली. त्या वहीत उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, अध्यापन, मूल्यमापन असे ठरावीक रकाने होते. तिने पट्टी घेतली, समासाशेजारी आणखी एक रकाना आखला आणि त्याच्या माथ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले: 'या पाठात कोणत्या मुलाचे घर राहून गेले आहे?'

पुढे ज्या ज्या शाळेत ती शिकवील, त्या त्या शाळेत रोज पाठ घेण्यापूर्वी हा रकाना भरायचा, असे तिने ठरवले. मग तिने वही मिटली आणि ती शाळेबाहेर पडली. रस्त्यावर उसाच्या मोळ्यांनी भरलेली शेवटची गाडी कारखान्याच्या दिशेने संथपणे चालली होती.